अधिकार सोपवला म्हणजे नक्की काय सोपवलं?

कारभारीण

"अमुक महिनाभर रजेवर आहेत, या काळात सर्व निर्णय तमुक घेतील." अशी मेल आपण सगळ्यांनी वाचलेली असते. पुढे काय होतं तेही पाहिलेलं असतं. तमुकला कोणी काही विचारत नाही. ज्यांना घाई नाही ते अमुक परत यायची वाट बघतात. ज्यांना घाई आहे ते थेट अमुकला फोन लावतात आणि अमुकही रजेवर असून खुशीने उचलतात. "बरं झालं मला विचारलंत" असं वर म्हणतात.

काम वाटून देणं आणि अधिकार सोपवणं ही एकच गोष्ट आहे असं बहुतेकांना वाटतं. काम वाटून देणं सोपं. ही यादी तू कर, हा अहवाल तू लिही. करायचं त्याने, बरोबर की चूक ते ठरवायचं आपण. अधिकार सोपवायचा तर ठरवणंच दुसऱ्याच्या हातात जातं. मी ठरवलं असतं त्यापेक्षा वेगळं ठरवायची मुभा त्याला मिळते. ती नसेल तर बिचाऱ्याला दिवसभर माझ्या मनातलं उत्तर ओळखत बसावं लागतं.

माझी कसोटी साधी आहे. तुम्ही स्वतः घेतला नसता असा एखादा निर्णय हाताखालच्या माणसाने अलीकडे घेतला का? आणि तुम्ही तो तसाच राहू दिलात का? उत्तर 'नाही' असेल तर अधिकार अजून तुमच्याच खिशात आहे, कागदावर काही का लिहिलेलं असेना.

इथे नाना क्षेत्रांतली मंडळी आहेत. काय सोपवावं, काय सोपवू नये, आणि सोपवल्यावर नाक न खुपसता लक्ष कसं ठेवावं, ते आपापल्या धंद्यातलं सांगा. मॅनेजमेंटच्या पुस्तकातले दहा मुद्दे नकोत, ते सगळ्यांनी वाचलेत.

टाचणी

कसोटी झकास. पण निर्णय अंगाशी आला तर निस्तरायचं कोणी? वरच्यानेच ना? मग त्याने दुसऱ्याच्या हाताने पाय का भाजून घ्यावा?

तळटीप

टाचणी, निस्तरायचं वरच्यानेच. कायदाही हेच सांगतो. मुखत्याराने मुखत्यारपत्राच्या हद्दीत राहून जे केलं ते मालकानेच केलं असं धरतात. उद्या मालक म्हणाला, "मला हा व्यवहार पसंत नाही," तर समोरच्या पार्टीला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून तर हद्द लिहून द्यायची असते: कोणता व्यवहार, किती रकमेपर्यंत, किती मुदतीसाठी. लोक कंटाळा करतात आणि 'सर्व प्रकारचे व्यवहार' असं लिहून मोकळे होतात. पुढे हेच लोक आमच्याकडे येतात.

आणखी एक भानगड असते. ज्याला सोपवलं त्याने ते परस्पर तिसऱ्याच्या गळ्यात घातलं तर? याला जुनं लॅटिन सूत्र आहे, 'डेलिगेटस नॉन पोटेस्ट डेलिगारे': ज्याच्याकडे सोपवलेलं आहे त्याने ते पुढे सोपवू नये. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १९० मध्येही हेच आहे. जे काम मुखत्याराने स्वतः करायचं पत्करलं ते त्याला दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. त्या धंद्याची रीतच तशी असेल किंवा कामाचं स्वरूपच तसं असेल तरच सूट. विश्वास त्या माणसावर टाकलेला असतो, त्याच्या ओळखीतल्या कोणावर नाही.

सरकारात मात्र हे सूत्र काटेकोर लावलं तर गाडा जागचा हलणार नाही. इंग्लंडमधला १९४३ चा कार्लटोना खटला यासाठी प्रसिद्ध आहे. युद्धाच्या काळात एका कंपनीचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला. कंपनी म्हणाली, कायद्याने अधिकार ज्यांना दिला त्यांनी स्वतः विचारच केला नाही, खात्यातल्या एका अधिकाऱ्याने पत्र धाडलं. न्यायालयाने सांगितलं, अधिकाऱ्याचा निर्णय तो मंत्र्याचाच निर्णय, आणि संसदेत जाब द्यायचा तोही मंत्र्यानेच. मौज अशी की, यात अधिकार कोणी कोणाला 'दिला' असं न्यायालय मानतच नाही. अधिकारी म्हणजे मंत्र्याचाच हात.

टाचणी

थोडक्यात, सही त्याची आणि मान माझी. आभारी आहे.

उजवी खुर्ची

टाचणी, आमच्याकडे हे रोज चालतं आणि कोणाची मान जात नाही. एक फेरी कॅप्टन उडवतो, पुढची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे माझ्यासारखा सहवैमानिक. विमान आत्ता कोण उडवतंय आणि विमानाचा प्रमुख कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी उडवत असलो तरी शेवटची जबाबदारी कॅप्टनचीच.

ताबा कधीही मुकाट्याने द्यायचा-घ्यायचा नाही. देणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." घेणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." हे ऐकल्यावरच पहिल्याने हात काढायचा. नव्या माणसाला हे नाटकी वाटतं. पण दोघांनाही 'तो उडवतोय' असं वाटत राहिलं तर विमान कोणीच उडवत नसतं. उलटं झालं तर तेही वाईट. एअरबसमध्ये दोघांच्या बाजूला वेगवेगळी साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी असते आणि त्या एकमेकींना यांत्रिक रीतीने जोडलेल्या नसतात. मी डावीकडे वळवतोय आणि कॅप्टनने न सांगता आपली उजवीकडे ढकलली, तर विमान दोन्हींची बेरीज करतं. म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही मनासारखं होत नाही. त्यासाठी 'ड्युअल इनपुट' असा आवाज कॉकपिटमध्ये घुमतो. हा आवाज ऑफिसांतही बसवायला हवा.

कारभारीण, तुमच्या 'नाक न खुपसता लक्ष'बद्दल. उतरताना कुठल्या उंचीवर वेग, उतरण्याचा दर, चाकं, फ्लॅप काय असायला हवं ते आधीच ठरलेलं असतं. साधारण १,००० फुटांवर हे जमलेलं नसेल तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. 'गो अराउंड' असं दोघांपैकी कोणीही म्हणू शकतो आणि त्यावर वाद घालायचा नाही. त्यामुळे मी थोडा ओबडधोबड उतरवत असलो तरी कॅप्टन हाताची घडी घालून बसतो. त्याने अलगद टेकवलं असतं हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. पण हद्दीच्या आत असेल तर बोलायचं ते खाली उतरल्यावर. हद्द ओलांडली तर तो "आय हॅव कंट्रोल" म्हणतो आणि मी त्या क्षणी सोडतो. त्यात रुसण्यासारखं काही नसतं, कारण रेघ आधीच मारलेली होती.

खालचा मजला

तुम्ही सगळे वरून बोलताय, आता जरा खालून ऐका.

मला एका कामाचा 'ओनर' केलंय. माणसं निवडायचा अधिकार नाही, तारीख हलवायचा नाही, विक्रेता बदलायचा तर नाहीच. उशीर झाला की मीटिंगमध्ये पहिलं नाव माझं. हेन्री फायोल नावाच्या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये लिहून ठेवलंय की अधिकार आणि जबाबदारी जोडीने जातात. आमच्याकडे त्यातली एकच खाली आली, दुसरी लिफ्टमध्ये अडकली.

नमुना देतो. ग्राहकांना जाणारी पत्रं 'यापुढे तूच बघ' असं सांगितलं गेलं. पहिला मसुदा लिहिला, 'फक्त एकदा नजर टाका' म्हणून वर पाठवला. तांबड्या रंगात परत आला. 'तथापि'चं 'मात्र' केलेलं. ठीक. पुढच्या पत्रात आपण होऊन 'मात्र' लिहिलं. त्याचं 'तथापि' होऊन आलं. तेव्हापासून मी शेवटचे दोन परिच्छेद मन लावून लिहितच नाही. कसंही लिहिलं तरी बदलणारच आहे, मग आपली रात्र कशाला घालवा? आता वर तक्रार असते की, पोरं अर्धवट काम पाठवतात, सगळं मलाच बघावं लागतं.

कारभारीण

शेवटचं वाक्य हजार कार्यालयांत ऐकू येतं. 'मलाच बघावं लागतं' म्हणणाऱ्याला ती परिस्थिती आपणच घडवली आहे हे दिसत नाही. उलट आपल्यावाचून अडतं याचं सुख असतं. ते सुख सोडवत नाही, हे खरं दुखणं. 'वेळ नाही', 'माणसं तयार नाहीत' या वरवरच्या सबबी.

पण एक विचारते, रागावू नका. 'फक्त एकदा नजर टाका' हे तुम्ही का लिहिलंत? पत्र तुमच्याकडे दिलं होतं ना?

खालचा मजला

कारण त्याआधी ज्याने न विचारता पाठवलं होतं त्याला सगळ्यांसमोर झापलेलं मी पाहिलंय. अधिकार कागदावर मिळतो, ताई. तो खरा की खोटा हे पहिल्या चुकीला कळतं.

स्वल्पविराम

इथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचायला हवं. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांचा १९७४ चा एक लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला होता. त्यातलं माकड अजून लोकांच्या तोंडी आहे. हाताखालचा माणूस व्हरांड्यात गाठून म्हणतो, "सर, एक अडचण आहे." साहेब म्हणतात, "बरं, बघतो आणि सांगतो." संपलं. त्याच्या खांद्यावरचं माकड साहेबांच्या खांद्यावर येऊन बसलं. आता साहेब घरी जाऊन विचार करणार आणि हा उद्या येऊन विचारणार, "सर, त्याचं काय झालं?" म्हणजे साहेबांकडे पाठपुरावा करणारा हा!

मी 'बघतो' हा शब्दच सोडून दिलाय. "तुझं मत काय? ते दुपारपर्यंत दोन ओळींत लिही, मग बोलू." यातले निम्मे परत येतच नाहीत, कारण लिहिता लिहिता त्यांचं त्यांनाच उत्तर सापडतं.

मात्र खालचा मजला म्हणतात तेही खरं आहे. ज्याला एकदा चारचौघांत झापलं तो पुढे जन्मभर विचारूनच करणार. त्याला आळशी म्हणू नये. आणि काहींना अधिकार नकोच असतो, तेही समजून घ्या. पगार तोच, पद तेच, वर डोक्याला ताप जास्तीचा. का घ्यावा?

बखरबहाद्दर

अवांतर वाटेल, पण नाही. १६८९. संभाजी महाराजांची हत्या झालेली, रायगडाला वेढा, राजाराम महाराज पन्हाळ्यावरून जिंजीकडे निघालेले. एवढं अंतर आणि वाटेत मोगलांच्या फौजा. प्रत्येक गोष्टीला जिंजीचा हुकूम आणायचा म्हटलं तर उत्तर येईपर्यंत किल्ला गेलेला असायचा. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन इकडचा कारभार त्यांच्या हवाली केला. जोडीला शंकराजी नारायण होते. फौजेच्या आघाडीवर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. जिंजीचा वेढा १६९८ पर्यंत चालला, पण इकडची लढाई राजा जवळ नाही म्हणून थांबली नाही.

सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. संताजी-धनाजींची तेढ विकोपाला गेली आणि तिचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. दोघांना भरपूर मोकळीक द्यायची आणि दोघांमधली हद्द ठरवायची नाही, याची किंमत फार मोठी असते.

माझा मुद्दा अंतराचा आहे. तेव्हा अंतरामुळे विश्वास टाकणं भाग होतं. आज भाग नाही, म्हणून कोणी टाकत नाही.

टाचणी

म्हणजे उपाय सापडला. साहेबांना जिंजीला पाठवा, फोन इकडे ठेवून घ्या.

शिफ्ट बी

टोयोटाच्या दोरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. असेंब्ली लाइनवर प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी असायची. काही बिनसलं, बोल्ट बसेना, भाग खराब दिसला की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. गाडी पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर लाइन चालू राहते. नाही सुटली तर थांबते. म्हणजे सगळ्यात खालच्या माणसाला सगळ्यात महागडा अधिकार दिलेला, पण नेमका एवढाच. बाकी कामाची पद्धत अगदी ठरवून दिलेली.

आमच्याकडे ही दोरी आली ती नकलेतून. बसवली, फोटो काढले, पाहुण्यांना दाखवली. मग कोणीतरी एक वही ठेवली: कोणी ओढली, किती मिनिटं लाइन थांबली. महिनाअखेरीला ती वही सुपरवायझर मोठ्याने वाचायचा. पुढे दोरीवर धूळ बसली. वही ठेवली नसती तर अधिकार टिकला असता.

रात्रपाळी

परिचारिका आहे. आमच्या व्यवसायात सोपवण्याचे पाच निकष शिकवतात, अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेमुळे ते सगळीकडे पसरले: काम योग्य हवं, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना नेमकी आणि देखरेख पुरेशी. मुद्दे नकोत म्हणालात म्हणून यादी इथेच थांबवते. रोजचं उदाहरण देते.

रक्तदाब मोजायचं काम मी मदतनिसाला देऊ शकते. त्या आकड्याचा अर्थ लावायचं काम देऊ शकत नाही, तो माझ्या शिक्षणाचा आणि परवान्याचा भाग आहे. नवख्या नर्सेस सांगतात, "सात नंबरवर जरा लक्ष ठेव हं." हे सांगणं झालं का? मी सांगते, "सात नंबरचा दाब दर तासाला घे. वरचा आकडा शंभरच्या खाली आला किंवा पेशंट नेहमीपेक्षा गुंगीत वाटला तर दुसऱ्या पेशंटकडे न जाता मला हाक मार. मी औषधांच्या खोलीत आहे." आकडा पेशंटप्रमाणे बदलतो, आणि तो ठरवायचं काम माझं. मग तिच्याकडून परत म्हणवून घेते. तिने "शंभरच्या आसपास" म्हटलं तर पुन्हा सांगते.

परत म्हणवून घेण्याची काही जणींना लाज वाटते, समोरचीचा अपमान होईल म्हणून. अपमान रात्री तीन वाजता होतो, दोघींचा.

आकडेमोड

सगळे 'मोकळीक द्या' म्हणताहेत, तर मी जरा लगाम खेचतो. लेखापरीक्षण हा माझा धंदा.

बेअरिंग्ज ही १७६२ पासूनची लंडनची बँक. १९९५ च्या फेब्रुवारीत बुडाली. सिंगापूरच्या शाखेत निक लीसन सौदे करायचा आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवणारी बाजूही त्याच्याच हाताखाली होती. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. शेवटी आकडा ८२.७ कोटी पौंडांवर गेला आणि आयएनजी या डच बँकेने ती एका पौंडाला घेतली. वरिष्ठांना नफा दिसत होता, तो खूश होता, सगळे खूश होते. त्याला एवढा अधिकार देणं ही एक गोष्ट. करणारा आणि तपासणारा एकच ठेवणं ही दुसरी, आणि घात तिने केला.

म्हणून माझं मत: अधिकार जितका मोठा, तितका तपासणारा वेगळा हवा. तपासणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कागदांची, आणि सोपवणाऱ्याने स्वतः करायची नाही. मग ती ढवळाढवळ वाटत नाही. ढवळाढवळ म्हणजे मंगळवारी अकरा वाजता अचानक मागे उभं राहून "हे असं का केलंस?" विचारणं. त्याने एकही घोटाळा सापडत नाही. चांगली माणसं तेवढी निघून जातात.

तळटीप

आकडेमोड यांच्याशी सहमत. मुदतीबद्दल एक भर. अमेरिकेच्या घटनेतली २५ वी दुरुस्ती १९६७ ची. राष्ट्राध्यक्षाला भूल द्यायची असेल तर तो पत्र लिहून अधिकार उपाध्यक्षाकडे देतो, शुद्धीवर आला की दुसरं पत्र लिहून परत घेतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडन यांच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी कमला हॅरिस यांच्याकडे तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ सत्ता होती. दोन पत्रं, मधल्या काळात गोंधळ नाही. आणि ही पत्रं हॅरिस यांना उद्देशून नसतात. ती सभागृहांच्या प्रमुखांना जातात. अधिकार दिला हे घेणाऱ्यापेक्षा बाकीच्यांना कळणं जास्त गरजेचं असतं. 'तूच बघ' असं कानात सांगून दिलेला अधिकार चालत नाही तो याचमुळे. बाकीचे विचारतात, "तू कोण?"

खालचा मजला

हे छापून आमच्या नोटीस बोर्डावर लावतो. म्हणजे लावण्याची परवानगी मागतो.

स्वल्पविराम

हा हा.

एकदम सगळं सोपवायची गरज नसते, हेही सांगायला हवं. मी नव्या माणसाला आधी 'विचार आणि मग कर' वर ठेवतो. जरा जम बसला की 'काय करणार आहेस ते सांग, मी अडवलं नाही तर कर'. मग 'करून सांग'. शेवटी 'सांगूही नकोस'. माणसापेक्षा कामागणिक पायरी वेगळी. तीच व्यक्ती वेळापत्रकाच्या बाबतीत चौथ्या पायरीवर आणि खर्चाच्या बाबतीत पहिल्या पायरीवर असू शकते. पायरी कोणती ते बोलून दाखवतो, कारण बहुतेक भांडणं दोघं वेगवेगळ्या पायरीवर उभे असल्यामुळे होतात. दुसऱ्या पायरीवर एक तोटा आहे. साहेबाने उत्तरच दिलं नाही तर काय समजायचं? मी सांगून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत माझं उत्तर नाही आलं तर होकार समजा. एकदोनदा न पटणारं झालंही. चालायचंच.

टाचणी

चेष्टा पुरे, खरा प्रश्न विचारतो. माझ्या माणसाने त्याच्या अधिकारात एका विक्रेत्याला सहा महिन्यांचा शब्द दिलाय. मला पटलेला नाही. फिरवू का?

तळटीप

त्याच्या हद्दीत होतं ना? मग शब्द तुमचाच आहे. पाळायला लागेल.

आकडेमोड

फिरवलात तर तो विक्रेता यापुढे त्याच्याशी बोलणारच नाही, थेट तुमच्याकडे येईल. बाकीचे विक्रेतेही. हे परवडत असेल तर फिरवा.

उजवी खुर्ची

धोका आहे, की नुसतं तुमच्यापेक्षा ओबडधोबड उतरवतोय?

टाचणी

धोका नाही. थोडं महाग पडेल इतकंच.

उजवी खुर्ची

मग खाली उतरल्यावर बोला. सहा महिन्यांनी, दोघंच असताना. आणि पुढच्या करारासाठी रकमेची रेघ आत्ताच मारून द्या.